पाटी उतरवली की…

शैला,

तुझ्या शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं पोटातलं दुखणं जरा हलकं होईल. माझ्या आयुष्यातल्या एकाही कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडलेल्या नाहीत. उलट मी माईकवर ऐन रंगात आलेली असताना मंडपवाला मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालायला लागलेला मी बघितलाय. आणि तू जन्मात कधी माईक हातात घेतला नाहीस, पण तुझ्यासाठी लोक दारात, जिन्यात, भिंतीला टेकून उभे. शेवटी शेजारच्या क्लासमधून बाकं मागवावी लागली. मी स्वतः एका टोकाला धरून बाक आत आणलं आणि मनात म्हटलं, घे बाई, हेही तूच जिंकलीस.

तू गेल्याचं दुःख मला आहेच. पण ते रांगेत मागे उभं आहे. पुढे हेवा उभा आहे, आणि तुला माहीतच आहे, माझ्याकडे जो पुढे उभा असतो तोच आधी बोलतो.

सीबीएस बसस्टँडमागच्या त्या दोन खोल्यांत आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना आयुष्य काढलं. बाहेर बोर्डावर 'जनवकिली' लिहिलेलं, त्यामुळे लोक वारस दाखला आणि भाऊबंदकीचे खटले घेऊन जिना चढायचे. मी त्यांना समजावून सांगायची, की बाबांनो, आम्ही वकील नाही. सरकारचा एखादा नियम चुकत असेल तर तो बदलायला लावणं हे आमचं काम. त्यांना काही कळायचं नाही. तू त्यांना पाणी द्यायचीस, बसवायचीस आणि ओळखीच्या वकिलाकडे पाठवायचीस. ते जाताना तुझ्या पाया पडायचे. माझं समजावणं मात्र फुकट जायचं.

सरकारच्या कानात लोकांचं म्हणणं घालायचं, एवढंच आपलं काम. ते कसं घालायचं यावर आपलं कधी जमलं नाही. मी कानाशी शंख फुंकायची. तू अत्तराचा फाया ठेवायचीस आणि निघून यायचीस. वास येतोय कुठून, हे त्या माणसाला दिवसभर कळायचं नाही.

गाडीचंच घे. आपलं जे काही नाव झालं ते तिथेच झालं, आणि भांडणही. गिरणारे गावाकडच्या बाया सकाळच्या पहिल्या बसगाडीने पाट्यांतून मेथी, शेपू, कोथिंबीर, झेंडू घेऊन शहरात यायच्या. मग नव्या चकचकीत गाड्या आल्या आणि पाट्यांना मनाई झाली. पाणी गळतं, सीट खराब होते, नोकरदार नाक मुरडतात. सिंधूबाईंची पाटी कंडक्टरने दारातूनच खाली ठेवली आणि गाडी निघाली. त्या आपल्याकडे आल्या तेव्हा पाटी डोक्यावरच होती. मी पाणी आणायला धावले. तू आधी पाटी खाली घ्यायला हात लावलास.

मी पथनाट्य बसवलं. त्यात मी स्वतः पाटी झाले होते, आठवतंय? गोणपाटाचा झगा, डोक्यावर खरी मेथी. चौकात गाडी अडवून मी आडवी पडायची आणि त्या पाटीच्या तोंडी एक वाक्य होतं: पाटी उतरवली की बाई उतरते. काय टाळ्या पडायच्या! रविवार कारंजाच्या चौकात तर एका रसवंतीवाल्याने सगळ्या नटांना फुकट रस दिला. पेपरात फोटो आला. मेथीच्या जुड्यांमधून माझे फक्त डोळे दिसत होते, पण माझेच होते.

आणि तू काय केलंस? तर तेच वाक्य उचललंस, अर्ध्यावर मोडलंस आणि पर्समध्ये घालून साहेबांकडे गेलीस.

मी सोबत होते. तोंड उघडायचं नाही या अटीवर तू मला नेलं होतंस, आणि मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते. साहेब म्हणजे गाड्यांचं वेळापत्रक ज्यांच्या सहीने हलायचं ते गृहस्थ. तू त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केलीस. डबीतला चिवडा पुढे केलास. मग म्हणालीस, साहेब, मला एक समजत नाही, पाटी उतरवली की… आणि थांबलीस. थांबून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलीस. तुझ्या पर्समध्ये चष्मा आणि रुमालाशिवाय काही नसायचं हे मला ठाऊक होतं.

खोलीत पंखा फिरत होता. वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"बाई उतरते," साहेब म्हणाले. मग स्वतःच स्वतःचं ऐकून दचकले. "म्हणजे तिकीटही उतरतं की हो."

"अय्या, खरंच," तू म्हणालीस.

अय्या! पन्नाशीच्या बाईने! मला तिथल्या तिथे तुझा खून करावासा वाटला, आणि तुझ्या पायाही पडावंसं वाटलं. रंगभूमीवर आयुष्य घालवून मला तसलं 'अय्या' कधी जमलं नाही.

नगरसेवक अण्णांकडेही तू हेच अर्धं वाक्य नेलंस. त्यांनी ते पुरं केलं: बाई उतरते, आणि घरी जाऊन सांगते कोणाच्या वॉर्डात उतरवलं. कंडक्टर पगारेंना तू स्टॉपवरच गाठलंस. ते म्हणाले, "बाई उतरते, पन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून उतरते ना ताई, रोज सकाळी." तिघांनीही आपापल्या दुखण्याचं शेपूट त्या वाक्याला लावलं आणि वाक्य त्यांचं झालं. ही सोंगं तू ऑफिसात करून दाखवायचीस. मी हसून लोळायची. आणि घरी गेल्यावर मला झोप लागायची नाही.

पहिल्या गाड्यांचं मागचं बाकडं काढून तिथे पाट्यांना जागा द्यायची, हा हुकूम निघाला तेव्हा मी पेढे वाटले. बाकडं काढायची कल्पना साहेबांना 'सुचली' होती. तू मला फक्त एवढंच सांगितलंस की बोलता बोलता तू त्यांना विचारलं होतंस, साहेब, मागच्या सीटवर खड्ड्यांमुळे माणसाची कंबर किती दुखत असेल नाही?

मग आले ते मूल्यमापनाचे गृहस्थ.

देणगीदारांनी नागपूरहून पाठवलेले, किडकिडीत, सारखी पित्ताची गोळी चघळणारे. आपल्या कामाचा परिणाम झाला की नाही हे ते तपासणार होते. मला आनंद झाला. म्हटलं, चला, अखेर कोणीतरी परीक्षक आला. मी कात्रणं काढली, फोटो काढले, गोणपाटाचा झगा इस्त्री केला. गृहस्थांनी कागदावर एक चौकोन काढला, त्यात आपली संस्था लिहिली. दुसऱ्या टोकाला चौकोन काढला, त्यात गाडी. दोन्हींमध्ये बाण काढला आणि विचारलं, या बाणावर काय लिहू? मी म्हटलं, पथनाट्य लिहा. तू म्हणालीस, चिवडा लिहा. त्यांनी दोन्हींतलं काहीच लिहिलं नाही. त्यांनी गोळी गालात सरकवली आणि तो प्रश्न विचारला.

"तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

मी लगेच उत्तर दिलं की काहीही झालं नसतं. तू म्हणालीस, चला, विचारून येऊ.

असला फेरफटका मी आयुष्यात केला नाही. साहेब म्हणाले, ही माझी कल्पना. अण्णा म्हणाले, माझी, आणि पुरावा म्हणून भिंतीवरचा स्वतःचा फोटो दाखवला. पगारे म्हणाले, वर बसणाऱ्यांना काय कळतंय, मीच रिपोर्ट केला. आणि तिघांनीही बोलता बोलता म्हटलं, अहो, साधी गोष्ट आहे, पाटी उतरवली की बाई उतरते. गृहस्थांनी तिसऱ्यांदा ते ऐकलं तेव्हा पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू पगारेंकडे इतक्या कौतुकाने बघत होतीस की त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

अहवाल आला. बदल झाला हे नक्की, असं त्यात होतं; संस्थेचा वाटा अस्पष्ट. अस्पष्ट! मी तो कागद टेबलावर आपटला. आणि तू, बाई, तू जाऊन जिलेबी घेऊन आलीस. म्हणालीस, याहून चांगला शेरा आपल्याला कोणी देणार नाही.

त्या दिवशी आपण खरं भांडलो. मी म्हटलं, ओळ माझी होती. मी ती लिहिली, गोणपाट घालून रस्त्यावर लोळून मी ती या गावाच्या तोंडी बसवली. तू म्हणालीस, ओळ तुझीच, पण तुझ्या तोंडी असेपर्यंत ती फक्त टाळ्या घ्यायची. मी म्हटलं, टाळ्या पडल्या नसत्या तर साहेबांना ती अर्धी ऐकून पुरी करता आली असती का? यावर तू नुसती जिलेबीचे तुकडे करत राहिलीस. त्या तुकड्यांवर मी कितीतरी दिवस जगले. पण 'हो' असं काही तू म्हणाली नाहीस.

मग मी विचारलं, तुला खरंच काही वाटत नाही? कोणाला कधीच कळणार नाही की हे तू केलंस. तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे: "आपलं आहे म्हणून ते सांभाळतात नंदा. दुसऱ्याचं आहे कळलं, की भाड्याच्या घरासारखं वागतील. भिंतीला खिळे ठोकतील." आणि वर म्हणालीस, परीक्षा आत्ता नाही. गाड्या बदलू दे, माणसं बदलू देत, तेव्हा बघ. मी मेले तरी सांगायचं नाही.

मी हो म्हटलं. तेव्हा मरण ही बोलण्यातली गोष्ट होती.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा मी मुद्दाम तोच विषय काढला. तुला चिडवलं की तू उठतेस, तुला शंभर उत्तरं सुचतात. ओळ कोणाची, सांग. तुझे ओठ कोरडे झाले होते. तू हसलीस आणि म्हणालीस, "ओळ तुझीच होती गं, पण…" आणि थांबलीस. मी थांबले. तू डोळे मिटलेस. सिस्टर आल्या, मला बाहेर काढलं. मी म्हटलं, उद्या पुरं करेल.

शैला, ही काय पद्धत झाली? मी काय साहेब आहे? माझ्याशीही तेच? त्या 'पण'च्या पुढे मी काय काय जोडून पाहिलं आहे. पण तुझा आवाज चांगला आहे. पण तुला घाई फार. पण मला पाणी दे. कुठलंच बसत नाही. साहेबांना एका मिनिटात जमलं, मला अजून जमत नाही.

शोकसभेच्या आदल्या दिवशी सिंधूबाईंचा फोन आला. आधी तुझ्यासाठी रडल्या. मग म्हणाल्या, "ताई, डेपोत नव्या गाड्या आल्यात. माझ्या भाच्यानं बघितल्या. मागं पार भरून शिटा हायेत. आता आमचं कसं?" परीक्षा आली होती आणि तू गैरहजर.

सभेत ते तिघेही होते. साहेब आता आणखी वरच्या खुर्चीत आहेत. नव्या गाड्या त्यांच्याच हाताखालून जातात. ते बोलले. बाई फार समजूतदार होत्या, त्यांनी कधी काही मागितलं नाही, असं म्हणाले. मला ठसका लागला. अण्णा, आता माजी, म्हणाले की मी गाडीचा निर्णय घेतला तेव्हा शैलाताई मला धीर द्यायच्या. पगारे बोलले नाहीत, नुसते रडले. त्याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

मग मला बोलावलं.

माईक हातात, खच्चून भरलेलं सभागृह, आणि पोटात जगातली सगळ्यात चांगली गोष्ट. मी ती गोष्ट तयार करून आणली होती. साहेबांचा दचका, तुझं 'अय्या', पर्समधला रुमाल, सगळं सोंगांसकट. लोक हसले असते, मग रडले असते. तुझं नाव झालं असतं आणि सांगणारी म्हणून माझंही. मी श्वास घेतला आणि सवयीने मागच्या रांगेकडे बघितलं. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला तू दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसायचीस. तिथे कोणीतरी अनोळखी बाई पदराने वारा घेत होती.

मी गोष्ट गिळली. इतकी मोठी गोष्ट गिळायला लागली की बहुतेक लोकांना मी हुंदका आवरतेय असं वाटलं.

मी म्हटलं, शैलाला शेवटपर्यंत एकाच कामाचं समाधान होतं. या गावात पाटीला गाडीत जागा मिळाली. ती ज्यांनी दिली ते तिघे इथे बसलेत. मी त्यांची नावं घेतली. हात जोडले. म्हटलं, शैला नेहमी म्हणायची, या माणसांनी एकच गोष्ट ओळखली, पाटी उतरवली की…

आणि थांबले. मी, नंदा, माईक हातात असताना. पर्स जवळ नव्हती म्हणून साडीची निरी नीट करायला लागले.

आधी पगारे म्हणाले. मग अण्णा. मग साहेब, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळं सभागृह, देवळात आरतीचं शेवटचं कडवं म्हणावं तसं: बाई उतरते. टाळी एकही पडली नाही. शोकसभेत पडत नाही. पण तेवढा मोठा आवाज माझ्या कुठल्या नाटकाला मिळाला नव्हता, आणि तोही तुझ्या युक्तीने, माझ्या ओळीवर.

बाहेर चपला घालताना साहेबांनी अण्णांना विचारलं, नव्या गाड्यांमध्ये मागचं बाकडं आहे का हो? अण्णांना माहीत नव्हतं. पगारेंना होतं. साहेबांच्या कपाळावर जी आठी पडली ती मी डोळे भरून पाहिली. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले की मॅडम, तुम्ही चांगलं बोललात, पण ही कल्पना मला मुळात कशी सुचली ते तुम्हाला ठाऊक नसेल. आणि त्यांनी ती सगळी गोष्ट मला सांगितली. मी ऐकली. मी 'अय्या' म्हटलं. नीट जमलं नाही, पण चाललं.

तुझं काम किती अवघड होतं हे मला तेव्हा कळलं. तू ते एका चिवड्याच्या डबीवर करायचीस.

आता तू म्हणशील, मग हे लिहिलंस कशाला, वचन मोडलंच की. नाही मोडलं. उद्या हे कुठे छापून आलं तरी ते तिघे वाचतील आणि प्रत्येकाला वाटेल की हे बाकीच्या दोघांबद्दल आहे. माणसं मला ओळखता येतात, तू काही एकटीच नव्हतीस.

काल पहाटे मी गिरणाऱ्याच्या स्टॉपवर गेले. नवी गाडी आली. अंगावर अजून प्लॅस्टिकचा वास. मागचं दार उघडलं आणि मागे नुसती मोकळी जागा. बाकडं बसवायचे नटबोल्ट तेवढे जमिनीतून वर आलेले, त्यांवर कोणीतरी रबर ठोकलेलं. बायांनी पाट्या चढवल्या. कोणी थांबलं नाही, कोणी पाहिलं नाही, कोणाला नवल वाटलं नाही. मी सिंधूबाईंच्या शेजारी कोंबल्यासारखी उभी राहिले. त्यांची नवी सून सोबत होती, लग्न होऊन नुकतीच आलेली. मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, ही पाट्यांची जागा कोणी करून घेतली, माहीत आहे का?

तिने माझ्याकडे पाहिलं, शहरातल्या बाया काहीही विचारतात तसं.

"कोणी म्हंजे?" ती म्हणाली. "गाडीला आसतीच की मागं."

नागपूरच्या गृहस्थांना सांगायला हवं. त्यांचा प्रश्न होता, तुम्ही नसता तर काय झालं असतं. आता तू नाहीस. गाडी वेळेवर होती.

माझं मात्र अजून पोटात दुखतंय. माझ्या मागे गोणपाटाचा झगा आहे, कात्रणं आहेत, मेथीतून दिसणारे डोळे आहेत. तुझ्या मागे त्या पोरीचं ते तोंड आहे, ज्यावर तुझं नाव उमटूच शकत नाही. अशी टाळी मला कधी मिळायची?

आणि एक सांगायचं राहिलं. पाट्यांना जागा झाली, पण बाकडं गेल्याने माणसांच्या जागा कमी झाल्या. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मला कोणी बसायला दिलं नाही. शेपूच्या वासात, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हाताने सिंधूबाईंचा झेंडू सांभाळत मी थेट रविवार कारंजापर्यंत उभी आले, तुझ्या नावाने बोटं मोडत.